उकड्या भाताचे तीन महिने

शनिवारी गणपती पाण्यात गेले. विघ्नहर्ता गेला आणि विघ्न तेवढं मागे राहिलं, असं सुमंगलेच्या मनात आलं, आणि लगेच तिनं स्वतःच्याच गालावर हलकी चापट मारून घेतली. विघ्न म्हणजे तिची थोरली नणंद, गंगाआक्का. पाच दिवसांच्या गणपतीला मांद्र्याहून आलेली आक्का दरवर्षी विसर्जनाच्या रात्रीच परत जायची. यंदा मात्र रविवार उजाडला, तरी तिची बॅग खोलीत तशीच उघडी होती आणि तिचा मुलगा गौरेश, मांद्र्याचं गेस्ट हाउस नोकरांवर टाकून, कारापूरच्या सोप्यावर पेपर वाचत बसला होता. दोघं का थांबलीत ते घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. आज सुमंगलेच्या नवऱ्याच्या, गुरुदासच्या साखरेचा रिपोर्ट यायचा होता.

गुरुदासचा उजवा गुडघा दोन वर्षांपूर्वीच कामातून गेला होता. सोप्यावरून खाली अंगणात उतरायला त्याला दोन माणसं लागत, आणि उतरला तरी अर्ध्या वाटेवरून परत यायचा. जूनमध्ये म्हापशाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गुडघा बदलू, चालायला लागाल, पण तीन महिन्यांची साखर नऊ पॉइंट आठ घेऊन मी सुरी लावणार नाही, कापलेलं भरून येणार नाही. आठाच्या आत आणा आणि मग या. गोळ्या होत्याच. वर त्यांनी तांदळाचा विषय काढला. कोंडा काढून पांढरा केलेला भात पोटात गेला की झटकन साखर होतो, कोंड्यासकट असला की सावकाश जिरतो, भूकही लवकर लागत नाही, असं त्यांनी सुमंगलेला समजावलं. सुमंगलेनं ते एकदाच ऐकलं आणि मनाशी खूणगाठ बांधली.

आक्काचं म्हणणं वेगळं होतं. तिच्या ओळखीचा, साखरेवर झाडपाल्याची पुडी देणारा कोणी एक होता. मांद्र्याला रस्ता सपाट, खोली तळमजल्यावर, भावाला तिकडेच ठेवावा, पुडी चालू करावी, आणि कापाकापीचं नाव काढू नये. दोघींत रण पेटणार असं दिसल्यावर गुरुदासनं न्याय केला. तीन महिने सुमंगला देईल ते खाईन, आकडा आठाच्या आत आला तर ऑपरेशन, नाही आला तर मांद्रे. आपण मोठा तोडगा काढला असं त्याला वाटलं. बहीण आणि बायको यांच्यात न्याय करणाऱ्या पुरुषाला नेहमी तसंच वाटतं.

सुमंगला आपल्या नवऱ्याला चाळीस वर्षं ओळखत होती. मांद्र्याला तो सुखात राहील यात तिला शंका नव्हती. खुर्ची मिळेल, समुद्राचा वारा मिळेल, येणारीजाणारी माणसं दिसतील, आक्का चार वेळा खायला घालील. आणि तो पुन्हा कधी चालणार नाही. एकदा का तो त्या खुर्चीत बसला, की ऑपरेशन उद्यावर, परवावर, पुढच्या चतुर्थीवर जाईल. हे तिला आत्ताच दिसत होतं आणि म्हणून तिनं ते तीन महिने डोळ्यांत तेल घालून पाळले होते.

पहिल्या आठवड्यात घरात महाभारत झालं. या घरात कोंड्यासकटचे उकडे तांदूळ नवे नव्हते, पण ते कोणासाठी शिजत हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुर्ल्याच्या खाणी जोरात होत्या तेव्हा गुरुदासचे चार ट्रक धावत, आणि सासूबाईंच्या चुलीवर दोन पातेली चढत. घरच्यांसाठी पांढरा सुरय तांदूळ, ड्रायव्हरांसाठी लाल उकडे. एका पातेल्याचा डाव दुसऱ्यात पडला तर सासूबाई घर डोक्यावर घेत. त्या ड्रायव्हरांतला एक सावंतवाडीकडचा विठ्ठल. त्याचीच मुलगी तेजस्विनी पुढे सुमंगलेच्या मुलानं, परेशनं लग्न करून आणली आणि घरात काय काय झालं ते कारापूरला अजून तोंडपाठ आहे. असा हा लाल भात जेव्हा सुमंगलेनं पहिल्यांदा मालकाच्या ताटात वाढला, तेव्हा गुरुदासनं तो बोटानं बाजूला सारला आणि विचारलं, ट्रक विकले म्हणून आता मालकही ड्रायव्हर झाला काय. तेजस्विनी तिथंच उभी होती. सुमंगला म्हणाली की ते ड्रायव्हर साठीत पोचले तरी अजून डोंगर चढतात, आणि मालक पायरी उतरत नाही, तेव्हा भात कोणाचा चांगला ते ज्याचं त्यानं ठरवावं.

त्या दिवशी तो रागानं जेवला, पण जेवला. मग हळूहळू अंगवळणी पडलं. उकड्या भाताचा घास जास्त वेळ चावावा लागे, त्यामुळे बडबड कमी झाली. पोट पहिले चार दिवस गुरगुरलं, मग असं सुरळीत झालं की गेली दहा वर्षं कपाटात असलेली इसबगोलाची बाटली तेजस्विनीनं फेकून दिली. सकाळी ताकातली नाचणीची आंबील, दुपारी मोजून दोन डाव उकडा भात, ताटात अर्धी भाजी, रात्री ज्वारीची भाकरी. दुपारी चारला त्याला जो अंधारी आल्यासारखा थकवा यायचा तो थांबला. वजन चार किलो उतरलं. पाव बंद केला, पण चहाबरोबर काहीतरी हवंच, म्हणून तिनं डॉक्टरांना विचारलं होतं, कोंड्याचा पाव चालेल का. एखादा चालेल, म्हणाले. मग सकाळी एक पोई आणि संध्याकाळी एक पोई असं ठरलं. पोई म्हणजे कोंड्याचा पाव, हे तिला जन्मापासून ठाऊक होतं. पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत आला की गुरुदास स्वतः काठी टेकत सोप्याच्या कठड्यापर्यंत जाई आणि पोई घेई. तेवढीच त्याची हालचाल, म्हणून सुमंगलेला त्याचंही समाधान होतं.

साडेबाराला पाटपाणी झालं. गुडघ्यामुळे गुरुदास टेबलाशी बसे, म्हणून पुरुषमाणसं आणि पाहुणी म्हणून आक्का टेबलाशीच बसली. आक्कासाठी सुमंगलेनं वेगळा पांढरा भात शिजवला होता. पाहुणचारात ती कोणाला हार जात नसे. ती भाजी वाढत असतानाच परेशच्या मोबाइलवर रिपोर्ट आला.

परेश साखळीच्या बँकेत कामाला होता. आकडे वाचायची त्याला सवय होती आणि वाईट आकडा सांगायचीही. त्यानं चष्मा वर केला आणि म्हणाला, "आठ पॉइंट सहा."

गौरेशनं मामाकडे बघितलं, मामानं ताटाकडे. सुमंगलेच्या हातातला डाव तसाच राहिला. तिनं मनात वजाबाकी केली. नऊ पॉइंट आठातून आठ पॉइंट सहा. एक पॉइंट दोन खाली. हे काही थोडं नव्हे, असं तिनं बोलूनही दाखवलं. पण आठ म्हणजे आठ, असं आक्का म्हणाली, आणि ते बरोबरच होतं.

मग आक्कानं सूत्रं हातात घेतली. ती वाईट बाई नव्हती. आईच्या मागे तिनंच या भावाला वाढवलं असं ती सांगे, आणि आई तो चाळीस वर्षांचा असताना गेली होती तरी ते तिला मनापासून खरं वाटे. तिनं शांतपणे सांगितलं की तीन महिने माझ्या भावानं गड्यांची पेज खाल्ली, वाळला, तोंड बघा कसं झालंय, आणि मिळालं काय? लाल भातानं साखर उतरली असती तर गोव्यात एकाही कुळाला मधुमेह झाला नसता. उद्या सकाळी गौरेश गाडी काढील. परेशला तिनं विचारलं, तुझं काय म्हणणं? परेशनं आईकडे बघितलं नाही. थोडे दिवस बाबांना हवापालट होऊ दे, असं तो म्हणाला. काल रात्रीपर्यंत आईच्या बाजूचा होता. सुमंगलेला आकड्यापेक्षा ते जास्त लागलं.

स्वयंपाकघराच्या दारात तेजस्विनी उभी होती. ती सासूची बाजू घेऊन भांडेल असं सुमंगलेला वाटलं, पण तिनं वेगळाच प्रश्न विचारला. बाबा दिवसभरात काय काय खातात ते एकदा सकाळपासून मोजून काढूया, असं ती म्हणाली. आक्का हसली. पण गौरेशला हिशेब पटला आणि त्यानं बोटं दुमडायला सुरुवात केली. आंबील, भात, भाजी, मासे, भाकरी. आणि पोई.

"पोई तर कोंड्याची," परेश म्हणाला.

तेजस्विनी आत गेली आणि सकाळची उरलेली पोई घेऊन आली. तिनं ती टेबलावर सगळ्यांसमोर मधून फाडली. वर कोंड्याची भुरभुर होती. आत पोई पांढरीशुभ्र होती.

"सकाळी पोदेराला विचारलं मी, आई," ती म्हणाली. "तो म्हणाला, मैदोच तो बाये, कोंडो भायल्यान लायतां. कोंडा नुसता बाहेरून, लोकांना मऊ हवी असते म्हणून. त्याच्या बापाच्या वेळेपासून असंच आहे म्हणाला. कोणी विचारलं नाही, म्हणून त्यानं सांगितलं नाही."

सुमंगलेनं ती पोई हातात घेतली. आयुष्यात तिनं अशा हजारो पोया फाडल्या असतील. आतलं पांढरं दर वेळी डोळ्यांसमोर होतं, आणि एकदाही तिच्या मनात आलं नाही की हे कोंड्याचं असतं तर पांढरं कसं. पोई ती पोई. आपण तांदळाचा दाणा न् दाणा निवडला आणि मैद्याला आपल्याच हातानं बशी मांडली. तिला स्वतःचा असा राग आला की कान तापले.

आक्काला आयतंच मिळालं. "म्हणजे चूक सुमंगलेचीच झाली," ती म्हणाली.

"माझीच," सुमंगला म्हणाली. "पोई मी ठरवली. डॉक्टरांना कोंड्याचा पाव म्हणून मी विचारलं. त्यांचा दोष नाही आणि पोदेराचाही नाही. मी आत बघितलं नाही."

ती ताठ मानेनं बोलली, पण तिला ठाऊक होतं की आपण हरलो. चूक कबूल केली की आक्का उदार होणार, आणि उदार झालेल्या आक्कासमोर कोणाचं चालत नाही. तसंच झालं. जाऊ दे गो, असं आक्का मऊ आवाजात म्हणाली, तू तरी किती बघशील, तुझंही वय झालं. आता थोडी विश्रांती घे. मी आहे ना.

आणि मग गुरुदास बोलला.

"आक्का, चोर सोडून संन्याशाला सुळी देऊ नकोस. मला ठाऊक होतं."

काय ठाऊक होतं, असं परेशनं विचारलं.

"पोई मैद्याची ते." त्यानं काठी टेबलाला नीट टेकवून ठेवली. त्याला वेळ हवा होता. मग त्यानं सांगितलं. पावसात खाणी बंद असत, ट्रक उभे असत, तेव्हा घरात एक टेम्पो होता आणि डिचोलीच्या पोदेरांना पिठाची पोती पोचवायचं काम तो करत असे. विठ्ठलच चालवायचा. दहा पोती मैदा आणि वर एक पोतं कोंडा, असा माल असे. गव्हाच्या पिठाचं पोतं कोणी मागितल्याचं त्याला आठवत नव्हतं. सुमंगलेनं पाव बंद करून पोई चालू केली त्याच दिवशी त्याला हसू आलं होतं. एक सांगितलेली, पण तो दोन घ्यायचा. सकाळी दोन, संध्याकाळी दोन. एक सोप्यावरच खाऊन टाकायचा, आणि दुसरी आत आणायचा.

तीन महिने सुमंगला पहाटे उठून नाचणी कालवत होती आणि हा माणूस कठड्याला टेकून मैदा चावत होता.

"मला फसवलंत," ती म्हणाली. एवढंच म्हणाली.

"फसवलं," गुरुदास म्हणाला. "मऊ असं तेवढंच उरलं होतं मला. जीभ ऐकेना. मी म्हटलं, आठाच्या आत आला तर कोणाला कळणार नाही. नाही आला तर मांद्र्याला जाऊन खुर्चीत बसेन, तिथं आक्का पुरणपोळी घालील. माझं दोन्हीकडून ठीकच होतं."

"मग बोललास कशाला?" आक्कानं विचारलं. तिला खरोखरच समजत नव्हतं. गप्प राहिला असता तर सगळं तिच्या मनासारखं झालं असतं आणि त्याच्याही.

गुरुदासनं बहिणीच्या ताटातल्या पांढऱ्या भाताकडे बोट केलं. "सुमंगलेला काय आवडतं माहीत आहे तुला? पांढरा भात. गरम सुरय, त्यावर सोलांची कढी. लग्न होऊन आली तेव्हापासून. आईनं या घरात तिला दिलेलं एवढंच एक सुख. तीन महिने तिनं त्याचं शीत तोंडात घातलेलं नाही. तिला ना साखर, ना काही. मी एकटा कसा खाणार, म्हणून ती माझ्यासारखंच खाते. आता हा भात तुझ्यासाठी शिजवला, वास घरभर सुटलाय, पण तिचा तिनं वेगळा काढून ठेवलाय, उकडाच. मी बघितलं. आणि तू म्हणतेस चूक तिची. ते मला ऐकवेना."

सुमंगलेच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण काय खातो, काय सोडलं, हे या घरात कोणाच्या लक्षात असेल असं तिला वाटलंच नव्हतं. तिनं ते कोणाला सांगितलं नव्हतं, सांगण्यासारखं काही आहे असंही तिला वाटलं नव्हतं. ती पदरानं डोळे पुसत राहिली आणि कोणाचीही लाज बाळगली नाही.

परेश खाली मान घालून बसला होता. मग तो बँकेतल्यासारखा घसा साफ करून म्हणाला की रोज चार मैद्याच्या पोया खाऊनही आकडा एक पॉइंट दोन उतरला असेल, तर त्या पोया नसत्या तर काय झालं असतं. गौरेश म्हणाला, तेच माझ्याही डोक्यात आलं. तेजस्विनी फाडलेली पोई उचलून आत घेऊन गेली.

गुरुदासनं परेशला डॉक्टरांचा नंबर लावायला सांगितलं. रविवार होता, डॉक्टर उचलणार नाहीत असं परेश म्हणाला, पण त्यांनी उचलला. फोन गुरुदासनं स्वतः घेतला. आकडा सांगितला. पलीकडून त्यांनी काहीतरी विचारलं, त्यावर तो म्हणाला, होय, पथ्य बायकोनं पाळलं, मी नाही. मग बराच वेळ होय होय करत राहिला. फोन ठेवून त्यानं सांगितलं की दिशा बरोबर आहे, गोळ्या तशाच, खाणं तसंच, पोई बंद, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा रक्त तपासायचं. आठाच्या आत असेल तर त्याच महिन्यात ऑपरेशन.

सगळ्यांनी आक्काकडे बघितलं. आक्कानं आपला पांढरा भात शेवटच्या शितापर्यंत संपवला, बोटं चाटली, पाणी प्याली. हार मानणं तिच्या रक्तातच नव्हतं आणि तिनं ती मानलीही नाही.

"डिसेंबरात मी येते पंधरा दिवस," ती म्हणाली. "हा इस्पितळात पडला की ही तिथं बसणार. मग घर कोण बघणार? ती पोरगी एकटी?" तिनं तेजस्विनीला पहिल्यांदाच विठ्ठलची पोर म्हटलं नाही, हे सुमंगलेच्या लक्षात आलं. मग आक्कानं गौरेशला विचारलं की ऊन उतरल्यावर निघूया ना, गेस्ट हाउस नोकरांवर किती दिवस टाकणार.

गुरुदासच्या ताटातला उकडा भात गार झाला होता. तेजस्विनीनं गरम आणला. दोन डाव, रोजच्यासारखे. त्यानं कालवायला घेतला आणि मग हात थांबवून त्यानं बायकोकडे बघितलं.

या घरात बायकांची पंगत दुसरी. पुरुष उठले, ताटं उचलली, टेबल पुसलं, की मग सुमंगला आणि तेजस्विनी स्वयंपाकघरात बसायच्या. सासूबाईंच्या आधीपासून तसंच चालत आलेलं होतं, आणि सुमंगलेनंही ते कधी मोडलं नव्हतं.

तिनं भिंतीजवळची रिकामी खुर्ची ओढली आणि नवऱ्याच्या शेजारी लावली. खुर्चीचे पाय फरशीवर करकरले.

"तेजू, माझं पान इथं वाढ," ती म्हणाली. "तुझंही आण. आजपासून आपण इथंच जेवायचं." मग ती गुरुदासकडे वळली. "मी आत पाठमोरी होते म्हणून तीन महिने फुकट गेले. आता डिसेंबरपर्यंत तुमच्या तोंडात काय जातं ते मला समोरून दिसलं पाहिजे."

गुरुदासनं आपली काठी उचलून पलीकडे ठेवली आणि तिच्या ताटाला जागा करून दिली.